नाकाला लावायचा दोरा

११ नोव्हेंबर, दुपार

प्रिय नकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हा सगळ्यांची खुशाली कळव. हे आपलं सवयीनं लिहून गेलं. खुशाल कोण आहे ते पुढे बघू. बाबा आत्ताच जेवून आडवे झालेत, तेवढ्यात लिहून घेते. फोनवर बोलायला जावं तर तुला मीटिंग असते, नाहीतर माझं दूध उतू जात असतं. म्हणून पत्र.

बातमी अशी, की बाबांचा जुना कॅमेरा सापडला. चादरी काढायला ट्रंक उघडली तर तळाशी होता. चामड्याचं कव्हर पार तडकलंय, पण बटण दाबलं की आवाज तोच. आणि कव्हरमध्ये तो दोरा.

पहिला रोल तुला आठवणार नाही, तू आईच्या कडेवर होतास. जुन्या बाजारातून कॅमेरा आणला तेव्हा बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. समोरचा माणूस किती लांब आहे याचा अंदाज करून भिंगावरचा आकडा लावायचा, आणि बाबांचा अंदाज म्हणजे विचारूच नकोस. रोल धुऊन आला तर आई, मी, तू, सगळे धुक्यातले, आणि मागची नळाखालची बादली मात्र कडीसकट लख्ख. आई म्हणाली, बादलीचं लग्न जमवायचं असेल तर फोटो तयार आहे.

मग बाबांनी बाइंडिंगच्या कारखान्यातून मेण लावलेला दोरा आणला. पुस्तकं शिवण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांचा भरवसा दोऱ्यावरच. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं ज्याचा फोटो त्याच्या नाकाच्या शेंड्याला. भिंगावर दोऱ्याच्या लांबीचाच आकडा, अंदाजाचं कामच नाही. ताणला की म्हणायचे, "लागला? सोड. आता हलायचं नाही." त्यानंतरचे फोटो काढून बघ, आपण सगळे जरासे तिरळे आणि हसू दाबलेले. आईला तर गुदगुल्याच व्हायच्या. तुझ्या नाकावर तो टिकायचा नाही, म्हणून तर तू नकट्या.

हे आज का उगाळतेय म्हणशील. तो दोरा पुन्हा सुरू झालाय.

बाबांच्या डोळ्यांचं तुला फोनवर सांगितलं ते सौम्य करून सांगितलं होतं. लांबचं आता काही दिसत नाही, माणूस म्हणजे नुसता आकार. चष्मा बदलून उपयोग नाही म्हणतात. अगदी जवळ आलं तरच चेहरा कळतो. कॅमेरा हातात दिला त्या दिवशी त्यांनी चाचपून दोरा काढला आणि हातभरच मोकळा ठेवून खुर्चीच्या हाताला बांधला. तेव्हापासून येईल त्याला टोक नाकाला लावून उभं करतात. दूधवाला उभा राहिला, इंजेक्शन द्यायला येणारी नर्स उभी राहिली, शेजारच्या वकीलबाई तर पावडर लावून आल्या. गेल्या रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी ते टोक फोनला लावलं होतं. तुला वाटलं असेल मी फोन नीट धरत नाही. "हा हलतोय," म्हणाले आणि फोन मला परत दिला.

मी मात्र लावला नव्हता. मला कुठला वेळ? त्यांची आंघोळ, औषधं, शाळेतून आणलेले पेपरांचे गठ्ठे, नुसते नाकी नऊ येतात. परवा सकाळी चहा द्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि दोरा हातात दिला. लावला. ते कितीतरी वेळ बघत राहिले, सोड म्हणेचनात. मग म्हणाले, "किती दमलीस गं तू. आजारी आहेस का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रडले, नकट्या, दोरा तसाच नाकाला धरून.

तर गोष्ट अशी आहे. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन करायचं आहे. डॉक्टरीणबाई उन्हाळ्यापासून सांगताहेत, मी आज-उद्या करत राहिले. आता थांबू नका म्हणतात. नंतर बरेच दिवस वजन उचलायचं नाही, आणि बाबांना तर काखेत धरून उठवावं लागतं. मध्यंतरी एक बाई ठेवून पाहिली, तिच्या हातून ते जेवेनात.

आई गेली तेव्हा तू उशिरा पोचलास आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, पाहुण्यासारखं यायचं असेल तर येऊच नकोस. तो शब्द त्यांनी बोलायला नको होता. तूही तो इतकी वर्षं जपून ठेवायला नको होतास. मधल्या मध्ये मी तुझं त्यांना गोड करून सांगायचं, त्यांचं तुला. त्याचाही आता कंटाळा आलाय, खरं सांगते.

काल मी त्यांना विचारलं, त्याला लिहू का? त्यांनी दोरा बोटाला पुरता गुंडाळला. मग म्हणाले, "लिही. पाहुणा म्हणून आला तरी चालेल म्हणावं."

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मला दाखल व्हायचं आहे. त्याआधी ये. दारातून हाक मारू नकोस, ते गडबडतात. सरळ खुर्चीपाशी जा, दोरा घे, नाकाला लाव. टिकला नाही तर बोटानं धर. आणि ते सोड म्हणेपर्यंत सोडू नकोस.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझी
ताई