रांजणाचं झाकण

परमपूज्य भंते यांच्या चरणी थोरला भाऊ सवेंग याचा दोन्ही गुडघे टेकून प्रणाम (उजवा टेकतो, डावा आता टेकत नाही, तरी टेकला असं समजून घ्यावं).

वर्षावासाच्या या तीन महिन्यांत आपली प्रकृती उत्तम असेल, तिकडच्या डोंगरातल्या गारठ्याने छातीत कफ धरला नसेल, आणि सकाळी भिक्षेला निघालात की लोक आपल्या पात्रात फार तिखट घालत नसतील, अशी आशा करतो. तिखटाने तुला लहानपणापासून उचकी लागते. 'तुला' लिहून गेलो, क्षमा असावी. ज्याला मी मानगूट धरून कालव्यात पोहायला शिकवलं, ज्याला सगळी आळी तुई, म्हणजे गुबगुबीत, म्हणून हाक मारायची, त्याला 'आपण' म्हणायचं हे हाताच्या अजून अंगवळणी पडत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात भंतेंना पत्र लिहायचा धडा नव्हता. पुढे जिथे चुकेन तिथे राग मानू नये. रागावर तुमच्याकडे उपाय असतो म्हणतात, आमच्याकडे नाही.

माझ्या प्रकृतीचं विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही, म्हणून सविस्तर सांगतो. एप्रिलमध्ये सणाच्या दिवशी मी धक्क्यावर चक्कर येऊन पडलो, हे आपल्या कानावर आलंच असेल. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस घ्यायच्या राहून गेल्या होत्या, एवढंच. पण आपल्या वानपेनने (पोरीला बँकेत हुद्दा मिळाल्यापासून ती बापाशीही खिडकीपलीकडून बोलल्यासारखं बोलते) लगेच ठरवलं, की बाबांनी आता कालव्याकाठी एकटं राहायचं नाही, बँकॉकला तिच्या घरी राहायचं. तिचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. मी एकदा गेलो होतो. खिडकी उघडत नाही. पाणी कुठेच दिसत नाही, नळातून येतं तेवढंच. जन्मभर भाताच्या गिरणीच्या नावेवर काढलेल्या माणसाने तिथे दिवसभर काय बघायचं? मी फार कटकट केली. शेवटी डॉक्टर म्हणाले, मासे पाहिले की रक्तदाब उतरतो. त्यावर पोरीच्या डोक्यात दुसरंच काही आलं. वर्षावास सुरू झाला त्या पौर्णिमेला ती एक छोटी काचेची टाकी आणि सहा मासे घेऊन आली, टीव्हीशेजारी मांडली आणि म्हणाली, "बाबा, हे सहा जीव वर्षावास संपेपर्यंत सांभाळून दाखवा. मग मी मानेन की तुम्ही स्वतःलाही सांभाळाल. नाही जमलं, तर चीवरदानाला काकांना वस्त्रं द्यायला विहारात जाऊ ना, तिथून परत इकडे यायचं नाही. थेट माझ्याकडे."

भंते, आपण घरदार सोडलंत ते स्वतःच्या मनाने सोडलंत. मला ते सहा माशांवर सोडावं लागणार होतं.

मासे तरी केवढे? करंगळीच्या नखाहून थोडे मोठे. अंगावर निळी रेघ, खाली लाल. चालत्या बसमध्ये लावतात त्या दिव्यांसारखे. मी पहिल्या दिवशी सकाळपासून त्यांच्यासमोर बसलो, रक्तदाब उतरायची वाट बघत. तो काही उतरला नाही, कारण त्यांतला एक सारखा कोपऱ्यात जात होता. आजारी आहे? रुसलाय? बाकीच्यांशी पटत नाही? मी सवयीने विचारलं, "जेवलात का?" (आपल्याकडे दारात आलेल्या कोणालाही हेच विचारतात, त्यात माझं काय चुकलं?) तर सहाही जण काचेजवळ येऊन तोंडं उघडायला लागले. आता कोणी उपाशी आहे म्हणून सांगितल्यावर आपल्या आईच्या पोटचा माणूस काय करील? मी दाणे टाकले. तासाभराने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. भिक्खू दुपारनंतर काही खात नाहीत, हेही मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. आपली वहिनी लमून असती तर म्हणाली असती, "बसलात काय बघत, धुवा." तिच्या संसारात पस्तीस वर्षं जे दिसेल ते धुतलं जायचं, मीसुद्धा. म्हणून मी सगळं बाहेर काढलं. खडे उकळले. पाणी गाळायच्या यंत्रातला स्पंज भांड्यांच्या साबणाने असा घासला की नव्यासारखा पांढरा झाला. टाकी नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली. इतकी स्वच्छ टाकी मी दुकानातही पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले.

टाकी जिथून आणली ते दुकान पुलापलीकडे आहे, 'जे किम' नावाच्या बाईचं. (ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, पण अख्खा बाजार तिला जे, म्हणजे थोरली बहीण म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. आवाजावरून ती सगळ्यांचीच थोरली वाटते.) मी डबीत दोन मासे घालून तिच्यापुढे ठेवले. तिने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, हे मासे आहेत की पातेली? घासता कशाला?" मग तिने सांगितलं ते आपल्यालाच कळेल. त्या स्पंजात म्हणे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, आणि माशांची घाण हेच त्यांचं अन्न. ते आहेत म्हणून पाणी गोड राहतं. "झाडूवाल्यांनाच घरातून हाकललंत," ती म्हणाली, "आता घर कोण झाडणार?" शिवाय नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते त्यांना आणि माशांना सारखंच बाधतं. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढून त्यात हलके पिळायचा. पाणी आठवड्याला एकदा, तेही पाव हिस्साच बदलायचं. आणि माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, तेव्हा दिवसातून एकदा, चिमटीच्या निम्मं. मी विचारलं, न दिसणारे जीव आहेत हे समजायचं कसं? म्हणाली, विश्वास ठेवायचा आणि हात लावायचा नाही. भंते, साठ वर्षं विहारात जाऊन इतकं अवघड प्रवचन मी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मी रोज पुलावरून जे किमकडे जातो. ती म्हणते, रोज यायची गरज नाही. मला ते पटतं, आणि तरी मी जातो. एकदा मासे वर येऊन श्वास घेत होते म्हणून गेलो, एकदा ते वर येत नव्हते म्हणून गेलो. अंगणातल्या रक्षकदेवतेला लाल सरबत ठेवलं आणि नवस बोललो, की वर्षावास संपायच्या पौर्णिमेपर्यंत मासे जगू दे, शंभर उकडलेली अंडी ठेवतो. एका दुपारी मला फार उकडत होतं, तेव्हा वाटलं त्यांनाही उकडत असणार, म्हणून बर्फाची पिशवी टाकीत सोडली. त्यात तिसरा गेला. (जे किम म्हणाली, "काका, तुम्हाला उकडलं तर तुम्ही अंघोळ करा.") चौथ्याचं नंतर सांगतो. पाचवा कशाने गेला, कोणालाच सांगता आलं नाही. जे किम म्हणाली, तुमच्याकडे बघून गेला असेल. चेष्टेत म्हणाली, पण ते माझ्या मनातून जात नाही. जीव न घेण्याचं पहिलं शील पाचदा मोडलं असं धरायचं का, ते आपण कळवावं. मी मारले नाहीत, जपले. जपण्यानेच गेले. याला आपल्या पुस्तकात काय म्हणतात?

राहिला एक. त्याला मी आता जेवलास का विचारत नाही.

जे किमने पावसाचं पाणी घालायला सांगितलं होतं. "घरी रांजण नाही का काका?" मी आहे म्हणालो आणि घरी निघालो. स्वयंपाकघरामागे पन्हळीखाली लमूनचा मोठा रांजण आहे, तो आपण पाहिलाय. ती त्याच पाण्याने केस धुवायची. नळ आला तरी तिने रांजण सोडला नाही. ती गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी त्या बाजूला जातच नाही. गेल्या महिन्यात, एकच मासा उरल्यावर, बादली घेऊन गेलो. वरचा झाकणाचा पत्रा वाऱ्याने अर्धा सरकलेला होता. काठाला हिरवं शेवाळ. डोकावलो तर पाणी हललं.

आपल्याला आठवतं का, डासांच्या तापाची साथ होती त्या वर्षी आरोग्यखात्याची ती बाई घरोघर फिरत होती? रांजणात सोडायला म्हणून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आठ गप्पी मासे दिले होते, डासांच्या अळ्या खायला. मी म्हणालो होतो, हात धुवायच्या पाण्यात मासे? हे काय टिकायचे! त्यावर लमून म्हणाली होती, "तुमची एवढी बडबड ऐकून ह्या घरात मी टिकले, त्यांना काय झालंय?"

ते टिकले, भंते. आठाचे किती झाले, मला मोजता येईनात. कोणी दाणे टाकले नव्हते, कोणी काही धुतलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. शेपट्या पिवळ्या, केशरी, ठिपक्यांच्या. मी बराच वेळ काठाला हात लावून उभा राहिलो. तेवढा वेळ मला कसलीच काळजी वाटली नाही. मग आठवलं की मला काळजी वाटत नाहीये, आणि वाटायला लागली.

त्यातले पाच मासे मी पळीने काढून टाकीत सोडले. पाच आणि एक सहा. पाणीही रांजणाचंच भरलं. हे खोटं आहे का? नवस बोलताना मी फक्त मासे म्हणालो होतो, कुठले ते म्हणालो नव्हतो. पण इथे एक घोटाळा झाला. गप्पी माशाच्या मादीला पिल्लं होतात, अंडी नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. आज सकाळी टाकीत चौदा आहेत. पोरीने सहा सांभाळायला दिले होते. कमी भरले असते तर काय होणार ते मला ठाऊक होतं. जास्त भरले तर काय, याचं तिने काही सांगितलेलं नाही.

पौर्णिमेला बारा दिवस राहिले. थकलो आहे. जपून असावं, पायात लोकरीचे मोजे घालावेत (विनयाच्या नियमांत बसत असतील तर).

आपला थोरला भाऊ आणि सेवक,
सवेंग

ता. क. इतकं लांबलचक लिहिलं ते ज्यासाठी, ते राहूनच गेलं. चीवरदानाच्या दिवशी वानपेन मला घेऊन आपल्या विहारात येणार आहे. त्या दिवशी आपलं प्रवचन असतं. त्यात रांजणातल्या माशांचं घालावं. कोणाचं नाव घेऊ नये. एक म्हातारा रांजण होता, त्याला कोणी हलवलं नाही, धुतलं नाही, चौदाव्या मजल्यावर नेलं नाही, म्हणून त्यातले मासे जगले, एवढंच. माझं ती ऐकत नाही. आपलं ती हात जोडून ऐकते.

ता. क. दोन. मासे तेच आहेत का असं तिने आपल्याला सरळ विचारलं, तर आपण खोटं बोलू शकत नाही हे मी जाणतो. पण डोळे मिटून बसायला तर आपल्याला कोणी हरकत घेत नाही.

ता. क. तीन. चौथा मासा. तो फार अस्वस्थ वाटत होता, सारखा येरझारा घालायचा, अगदी माझ्यासारखा. मी माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा अर्धा तुकडा पाण्यात विरघळवला. तो शांत झाला. हे जे किमला सांगितलेलं नाही, आपणही सांगू नये.

ता. क. चार. पाकीट डिंकाने चिकटवलं होतं, ते फोडून दुसऱ्या दिवशी लिहितो आहे. काल वानपेनचा फोन आला. म्हणाली, "बाबा, सहातले किती राहिले?" मी म्हणालो, चौदा. पलीकडे ती हसायला लागली. हुबेहूब लमून. जे किम तिला पहिल्या आठवड्यापासून सगळं कळवत होती! मग मी एक म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "आणि गोळ्या?" त्या मी रोज घेतल्यात, माशांना दाणे घालायच्या आधी, म्हणजे विसरायला होत नाही (अर्धी सोडून). म्हणाली, "जे किम सांगते, तुम्ही एक दिवस न चुकता पूल ओलांडून चालत येता. डॉक्टर वर्षभर चाला चाला म्हणत होते, तेव्हा एक पाऊल टाकलं नाहीत." आरोग्यखात्याच्या बाईच्या यंत्रावर माझा रक्तदाबाचा आकडाही उतरलाय. माझा त्यावर विश्वास नाही, यंत्र जुनं आहे. चौदाव्या मजल्याचं तिने काही काढलं नाही, मीही काढलं नाही. फोन ठेवताना म्हणाली, "रांजणात थोडं पाणी राहू द्या, बाबा. आई धुवायची तसे मला केस धुवायचेत."

तेव्हा प्रवचनाची आता गरज नाही, असं आपल्याला वाटेल. आहे. कालपासून मी सकाळ-संध्याकाळ पत्रा उचलून रांजणात बघतो. आज मोजायला बसलो. एक मासा कोपऱ्यात जात होता (गोल रांजणात कोपरा कुठला, पण जात होता), म्हणून शिजलेल्या भाताची दोन शितं टाकली. आता काठावरचं शेवाळ खरवडावं की काय, असं मनात यायला लागलंय, आणि ब्रश हाताशीच आहे. तरी उलट टपालाने एक ओळ लिहावी, की त्या झाकणाला हात लावायचा नाही. तुई म्हणून लिहिलंस तर मी ऐकणार नाही, हे तुला ठाऊक आहे. भंते म्हणून लिहावं.