बावीस खाटा, एकच वाक्य

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच वाक्य. ‘इथं घरच्यासारखं बघतात, काही मागावं लागत नाही.’ आज सहावी मुलाखत झाली आणि सहापैकी चौघांनी हेच म्हटलं – शब्दाला शब्द. संध्याकाळी रेकॉर्डर लावून टाइप करत बसले होते. ‘घरच्या’ एवढं ऐकलं आणि पुढचं कानावर पडायच्या आत बोटांनी लिहून टाकलं होतं.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपली काळजी कशी घेतली जाते असं वाटतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. आकडे नकोत, टक्के नकोत. माणसं काय सांगतात ते. ‘स्वतःच्या शब्दांत,’ हे माझ्या मार्गदर्शक सरांचं लाडकं. मग या चौघांकडे एकाच माणसाचे शब्द कुठून आले?

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही. या शुश्रूषा केंद्राची परवानगी मला आठवड्याभरात मिळाली, ती तिथली मुख्य नर्स माझी सख्खी ताई आहे म्हणून. सरांना मी हे सांगितलेलं नाही. केंद्रातही कुणाला माहीत नाही. ताईच म्हणाली होती, ‘कशाला उगाच? तू तुझं काम कर, मी माझं करते.’ लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, त्यामुळे कागदावर काही दिसत नाही.

मुलाखतींची वेळही तिनेच ठरवली. साडेदहा ते बारा. ‘नंतर दमतात गं ते.’

५ मार्च, बुधवार

सरांना टाइप केलेली पानं दाखवली. ते म्हणाले, ‘सगळे एकच बोलत असतील तर काय बोलतात ते सोड. कुणासाठी बोलतात ते बघ.’

६ मार्च, गुरुवार

आज कंपाउंडरकाका. वय एक्याऐंशी, डावी बाजू लुळी, जीभ मात्र ठणठणीत. चाळीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधल्या. तासभर तेच – कोणतं मिश्रण कुठल्या बाटलीत, डॉक्टरांचं अक्षर कसं फक्त यांनाच लागायचं, एका बाईने खोकल्याचं औषध केसांना कसं लावलं. मी हसून बेजार. मनात म्हटलं, चला, हे तरी ते वाक्य म्हणणार नाहीत.

नाहीच म्हणाले. मध्येच थांबून दाराकडे पाहिलं आणि आवाज न बदलता म्हणाले, ‘एकदा चारनंतर ये.’

‘का, काका?’

‘चारनंतर इथं जागं कोण असतं ते मोज.’

मग सांगितलं. साडेतीनला चहाबरोबर एक गोळी येते. छोटी, पांढरी, मधोमध रेघ. सगळ्यांना. विचारलं तर बीपीची म्हणतात. ‘मला बीपी नाही. समोरच्या शिवणवाल्या आजींना नाही. त्या कोपऱ्यातल्याचं तर कमीच असतं. मी चाळीस वर्षं गोळ्या हाताळल्यात, पोरी. ही झोपेची आहे.’ ते स्वतः ती गालात धरतात आणि मावशींची पाठ वळली की रुमालात काढतात.

‘मावशी कशाला देतील असं काही?’

‘त्या बिचाऱ्या सांगकाम्या. ठरवणारं वेगळं आहे.’

‘कोण?’

माझ्याकडे बघत राहिले. ‘मी तुला पहिल्या दिवशीच ओळखलं,’ म्हणाले. ‘नाक तेच, चालही तीच. धाकटी ना?’

 रेकॉर्डर चालूच होता. मी उठले तेव्हा म्हणाले, ‘लिही खुशाल. फक्त मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. मला इथंच राहायचंय.’

मी शब्द दिला. दिला म्हणजे काय, छापील कागदच आहे माझ्याकडे. ‘आपली ओळख कुठेही उघड केली जाणार नाही.’ खाली माझी सही.

७ मार्च, शुक्रवार

गेले. पावणेपाचला. संमतीचे कागद विसरले असं सांगून वर चढले.

लख्ख ऊन होतं. पश्चिमेच्या खिडक्यांतून थेट चेहऱ्यांवर येत होतं आणि कुणी हात आडवा धरत नव्हतं, मान वळवत नव्हतं. बावीस खाटा. बाविसांचे डोळे मिटलेले. टीव्हीवर कुणीतरी गात होतं, आवाज बंद. चहाचे कप तसेच, वर साय धरलेली. शिवणवाल्या आजींच्या हातात बिस्कीट होतं. अर्धं खाल्लेलं.

एकट्या मावशी फरशी पुसत होत्या. मला बघून पुसायच्या थांबल्या, मग पुन्हा तीच फरशी पुसू लागल्या.

कंपाउंडरकाकांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

मागून ताईचा आवाज – ‘तू? आत्ता?’

‘कागद राहिले होते.’

‘मी पाठवले असते की.’ ती जवळ आली, माझी कॉलर सरळ केली. लहानपणी शाळेत सोडताना करायची तशी. ‘सांगून येत जा,’ म्हणाली. जिन्यापर्यंत सोबत आली. मी रस्ता ओलांडेपर्यंत खिडकीत उभी होती.

८ मार्च, शनिवार

दिवसभर काही केलं नाही. टाइप करायला बसले आणि उठले.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती, मी सात. दोन वर्षं ताईने एकटीने काढली. आईला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, वर माझी वेणीफणी. आई दुखण्याने ओरडायला लागली की ताई मला अंगणात पाठवायची आणि दार लावून घ्यायची. आत काय करायची कोण जाणे. थोड्या वेळाने आवाज थांबायचा.

हे मी आजवर कधी असं लिहिलं नव्हतं.

सरांना फोन करायला हवा. केला नाही.

१० मार्च, सोमवार

सरांनी बोलावलं होतं. केंद्राचे व्यवस्थापक आतापर्यंतचं काम दोन पानांत मागतायत, त्यांची बैठक आहे. मला वाटलं, हीच संधी. ताईशी भांडायला नको, सरांना सांगायला नको. कागदच बोलेल.

लिहिलं. वाक्यावाक्याला थांबून. कुणाचं नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. ‘औषधांची चांगली माहिती असलेल्या एका रहिवाशाच्या मते, दुपारच्या चहासोबत सरसकट झोपेची गोळी दिली जाते.’ चार वेळा वाचलं. नेमकं आहे, कुणावर बोट ठेवलेलं नाही. सरांनी ‘हे तपासायला हवं’ असं समासात लिहिलं आणि मान डोलावली.

खरं सांगायचं तर स्वतःवर खूष होते.

११ मार्च, मंगळवार

पाठवलं.

१३ मार्च, गुरुवार

कंपाउंडरकाकांची खाट जागेवर नव्हती. खिडकीजवळून हलवून पार आत, भिंतीकडे नेलेली. सकाळचे अकरा. काका उताणे, तोंड उघडं, ओठांच्या कडा पांढऱ्या. हाक मारली. खांद्याला हात लावला. पापण्यांखाली काहीतरी हललं, बस.

मावशी चादरी बदलत होत्या. ‘कालपासून असेच आहेत,’ माझ्याकडे न बघता म्हणाल्या. ‘आता गोळी कुटून पाण्यातून द्यायला सांगितलीय. दोनदा. सकाळी पण.’

‘कुणी सांगितलं?’

त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. दोनदा झटकला.

शिवणवाल्या आजींची मुलाखत ठरलेली होती. बसले. रेकॉर्डर लावला. ‘इथं घरच्यासारखं बघतात,’ त्या म्हणाल्या. माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं की घरी आल्यावरही बोटांचे ठसे होते. ‘काही मागावं लागत नाही.’ डोळे काकांच्या खाटेवर.

बाहेर आल्यावर कळलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. ‘औषधांची चांगली माहिती असलेल्या एका रहिवाशाच्या मते.’ बावीस खाटा, त्यात कंपाउंडर एक.

मी नाव लिहिलं नव्हतं. मी नावच लिहिलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार

ताईला औषधांच्या खोलीत गाठलं. ती कपाट लावत होती. मी दार लोटून घेतलं.

‘काकांना काय देतेस?’

‘बस आधी.’

‘ताई, काय देतेस?’

तिने खोकी सरळ केली, मग बोलली. आवाज चढवला नाही. ‘पाचला मी जाते. मग बाविसांना एक मावशी. एक. तिघी होत्या, दोघी सोडून गेल्या. माणसं द्या म्हणून मी लिहून लिहून थकले. मागच्या वर्षी दोघं उठायला गेले आणि पडले. एकीचं खुब्याचं हाड मोडलं, ती परत आली नाही. तिच्या लेकाने माझ्या तोंडावर विचारलं, तुम्ही होता कुठे? सांग तू. कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं? झोपलेलं माणूस पडत नाही.’

‘डॉक्टरांना माहीत आहे?’

‘महिन्यातून एकदा येतात. मी ठेवते त्यावर सही करतात.’

‘आणि ते वाक्य? घरच्यासारखं?’

‘तू येणार म्हणून सांगून ठेवलं होतं. तुझं बरं व्हावं म्हणून.’ हे तिने इतकं साधेपणाने म्हटलं की क्षणभर मला रडू आलं.

‘काकांची गोळी कुणी वाढवली?’

तिने कपाटाचं दार लोटलं. मग म्हणाली, ‘तुझा कागद वाचून व्यवस्थापकांनी मला बोलावलं. तो शहाणा कोण ते मला कळलंय, म्हणाले, त्याचं तोंड बंद राहील असं बघा. नाहीतर हे सगळं तुमच्याच सहीने चाललंय.’

‘आणि तू बघितलंस.’

‘तू दाखवून दिलंस, मी दिली.’ किल्ली फिरवून कपाट बंद केलं. ‘दोघींचं आहे हे. एकटीच्या गळ्यात घालू नकोस माझ्या.’

मी दार उघडून बाहेर पडले. 

१५ मार्च, शनिवार

सरांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ताई कोण तेही. सरांनी वही काढून तारखा उतरवून घेतल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, ‘सोमवारी संशोधनाच्या नैतिकता समितीपुढे ठेवू. तोवर तू तिथं पाऊल टाकायचं नाहीस, कुणाशी बोलायचं नाहीस.’

सोमवार म्हणजे मध्ये दोन दिवस. दोन दिवस म्हणजे पाण्यातून चार वेळा.

काकांची मुलगी दर रविवारी येते. तिचा नंबर फॉर्मवर आहे. काका मला जे बोलले ते त्यांच्या परवानगीशिवाय तिलाही सांगता येत नाही – नियम आहे, आणि मी तो इतरांना शिकवते. फोन लावला, कापला. पुन्हा लावला, कापला. तिसऱ्यांदा तिनेच उलट केला. ‘कोण बोलतंय?’

मी म्हटलं, ‘तुमच्या वडिलांना आज भेटून या.’

‘उद्या जाणारच आहे मी. का हो? काय झालं?’

‘उद्या नको. आत्ताच्या आत्ता निघा.’

१६ मार्च, रविवार

काकांच्या मुलीचा फोन. आवाज ओळखू आला नाही. कालच तिने काकांना उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. झोपेतच भरवत होते म्हणे, घास छातीत उतरलाय. दोन्ही फुप्फुसं भरलीत. श्वास नळीवर आहे. ‘डॉक्टर सारखे विचारतायत, यांना काय दिलं होतं? किती दिलं, किती दिवस? केंद्राच्या कागदावर फक्त बीपीची गोळी आहे. तुम्हाला माहीत आहे का काही?’

मला गोळीचा रंग माहीत आहे. मधली रेघ माहीत आहे. नाव नाही, डोस नाही.

माहीत असलेलं माणूस एकच. फोन केला. उचलला नाही. अकरा वेळा केला. दुपारी तिच्या घरी गेले – कुलूप. शेजारीण म्हणाली, ‘सकाळीच गेल्या. हातात वह्या होत्या.’

वह्या. जाळायला नेल्या असतील, असं मनात आलं. माझ्याच मनात, माझ्या ताईबद्दल.

१७ मार्च, सोमवार

समितीच्या आधी दवाखान्यात गेले. काकांचे डोळे मिटलेले, नळी तशीच. खाटेपलीकडे स्टुलावर ताई. मांडीवर काही नाही. माझ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नाही.

मुलीने बाहेर नेऊन माझे दोन्ही हात धरले. ‘तुमचा फोन आला म्हणून बाबा निदान इथं तरी पोहोचले.’ मग आत बोट दाखवून म्हणाली, ‘आणि या बाई. काल दुपारी वह्या घेऊन आल्या, डॉक्टरांना सगळं लिहून दिलं – गोळीचं नाव, डोस, कुणी सांगितलं ते, बाविसांची नावं. खाली सही केली. तेव्हापासून हलल्या नाहीत इथून. रविवारी केंद्रात कधी दिसल्या नाहीत मला. कोण आहेत हो त्या?’

मी सांगितलं. गोळीचं काकांनी सांगितलं हे कुणाच्या कागदावरून कळलं, तेही सांगितलं.

तिने हात सोडले.