डावा कान

दादा,

‘तीर्थरूप’ लिहायला यावेळी हात धजला नाही.

आईला सांग, जेवण नीट जातंय, चक्करही कमी झालीय. डावा कान मात्र कायमचा गेला. पाण्याखाली पुन्हा उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलंय.

सर्दीने कान बंद आहेत, हे मी बोटीवर तुला दोनदा सांगितलं होतं. "नाटकं पुरे, उतर खाली!" म्हणालास. पाणबुड्यांचा सुपरवायझर तू, म्हणून उतरलो, आणि पाण्याच्या दाबाने कान फुटला. आणि आता घरी सांगत फिरतोस, की मीच हट्टाने उडी मारली?

वहिनीने विचारलं तेव्हा विषय बदलला. काल कंपनीचे चौकशीवाले साहेब दवाखान्यात आले, त्यांना सगळं सांगून जबाबावर सही केली. तुझी नोकरी जाईल बहुतेक.

आईचे गुडघे कसे आहेत? रविवारी मी येतोय. त्याआधी तिला खरं काय ते तूच सांग.

धाकटा