मनालीचं पान

मुसफ्फा, अबुधाबी

तीर्थस्वरूप केरूमामांना मिथुनचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? सगुणामामींचा खोकला हळदीवर भागतो की डॉक्टरच लागतो? मी ठीक आहे, म्हणजे जेवतो आणि कामावर जातो. इथल्या उकाड्याबद्दल लिहीत नाही. लिहून तो कमी होत नाही.

मामा, माझं पुस्तक अडकलंय. आमच्या वर्कशॉपात पत्रा कापायचे नकाशे ज्या मुक्त प्रोग्रामवर काढतात, तो कसा वापरावा ते मराठीत सांगणारं. (मुक्त म्हणजे नुसता फुकट नव्हे, कुणीही उघडावा, बदलावा, वाटावा असा. हे मी तुम्हाला फोनवर समजावलं होतं, तेव्हा तुम्ही घोरत होता.) पुस्तकालाही मी तसलंच लायसन्स लावलं. त्यात एक सोय होती: एखादं पान ‘न बदलता येणारं’ म्हणून राखता येतं. मग प्रत कुणीही काढो, ते जसंच्या तसं सोबत न्यावंच लागतं. आणि मी राखलं काय, तर अर्पणपत्रिका! ‘माझी होणारी बायको मनाली हिला, जिच्या धीरावर हे पुस्तक पुरं होईल.’ ती मी पहिल्याच दिवशी लिहिली. धडे नंतर एकेक करून वाटत गेलो. सातव्या धड्याला मनालीचा धीर संपला. (दर सुटीला तिला फोन करायचा सोडून मी वेल्डिंगच्या खुणा समजावत बसायचो. ‘लग्न पुस्तकाशीच लाव’ असं मामी म्हणाल्या, ते काही खोटं नव्हतं.) मला फार एकटं वाटतं, मामा.

आता प्रोग्राम वाटणारी मंडळी म्हणतात, पुस्तक छान आहे, प्रोग्रामबरोबर सगळीकडे देऊ. पण ज्यातलं एक पान कुणालाच काढता येत नाही, ते मुक्त कसलं? पान गेलं तर गावाकडून येणाऱ्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या प्रत्येक माणसाला पुस्तक आपोआप मिळेल. पण मी एकट्याने काढू शकत नाही. इतरांनीही त्याच अटीवर भर घातलीय, त्यामुळे अट बदलायला सगळ्यांची संमती हवी. फोरमन लियाकतभाईंनी चहा संपायच्या आत दिली. ऑफिसातला वसईचा नेल्सन म्हणाला, “अरे हबीबी, सगळे वाचतात ते एकच पान! ते काढलं की बुक खलास.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यानेही हो म्हटलं. ते मला जास्त लागलं.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
मिथुन

ता. क. : पुस्तकातल्या अवघड शब्दांचे अर्थ मनालीने लिहिले होते, म्हणून तिचीही संमती लागते. माझा फोन ती उचलत नाही. मामींची भाची आहे, तेव्हा तुम्हीच विचाराल का? ‘पान काढायला हरकत नाही’ एवढी एक ओळ पुरे.

आणखी एक ता. क. : ती नाही म्हणाली, तर तिला मनवत बसू नका. मला लगेच फोन करा. कामावर असलो तरी उचलेन.