दाजी यायच्या आत ट्रॅक्टर

मंगळवार, ४ मार्च
ट्रॅक्टरची लिफ्ट बिघडली. नांगर अर्ध्यापर्यंत उचलते, थरथरते आणि तिथेच अडते. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, रविवारी जावई येताहेत, त्यांना दाखवू. मी सख्खा मुलगा, समोरच उभा होतो.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. माणूस वाईट नाही, हीच अडचण आहे. गेल्या वर्षी त्यांनी आमचा पंप नुसता कान लावून दुरुस्त केला. तेव्हापासून अण्णा त्यांना चहा स्वतः नेऊन देतात. मला आजवर साधं पाणी विचारलेलं नाही.

संकल्प: रविवारच्या आत लिफ्ट मीच दुरुस्त करणार. एकट्याने.

बुधवार, ५
निदान झालं. तेल कमी आहे. तेल मोजायच्या काडीवर लेव्हल बरोबर दिसत होती, पण काडी ट्रॅक्टरइतकीच जुनी. तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? एक डबा ओतला. लिफ्ट तशीच. दुसरा ओतला. बायको म्हणाली, फिल्टर बघितलात का? हे तिला दाजींनीच कधीतरी सांगितलं असणार. मुद्दाम बघितला नाही.

गुरुवार, ६, दुपार
लिफ्ट अजून विचारात आहे. शिवाय नवीन तक्रार: डावा ब्रेक लागत नाही. दोन्ही पेडल एकदम दाबली की ट्रॅक्टर उजवीकडे वळतो. तेलाचा आणि ब्रेकचा काही संबंध नाही. मात्र मागच्या खेपेला दाजी ट्रॅक्टरवर बसून फोनवर बोलत होते, आणि पाय डाव्या पेडलवर होता. आरोप करत नाही. लिहून ठेवतो.

शुक्रवार, ७
डाव्या ब्रेकचा रॉड आवळून आवळून हात सोलले. शेवटी उजव्याचा सैल केला. आता ट्रॅक्टर अगदी सरळ जातो. थांबत नाही, पण सरळ जातो.

शनिवार, ८, संध्याकाळ
अंगणात ट्रायल घेतली. सावकाश. अण्णा खुर्चीत बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, पण आज पळाले. खुर्ची गेली. न्हाणीघराची भिंतही थोडी आत गेली. बायको नुकतीच अंघोळ करून बाहेर आली होती. केस पुसायचे थांबवून भिंतीकडे बघत राहिली.

बशीत ओतताना माझा अर्धा चहा खाली सांडला. जुनं इंजिन, हादरे फार बसतात.

रविवार, ९
दाजी आले. आल्या आल्या चांगले कपडे काढून जुने घातले. विचारलं, तेल किती घातलंस? म्हणालो, थोडंसं. बायको म्हणाली, दोन डबे.

डावं चाक उतरवलं. ब्रेकचे लायनर तेलात भिजलेले. जास्तीचं तेल सीलमधून थेट ब्रेकवर उतरलं होतं. फिल्टर काढला तर गाळाने गच्च, म्हणून लिफ्ट अडत होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी पान्याकडे बघत होतो.

अण्णांनी तोंड उघडायच्या आतच दाजी म्हणाले, सील जुनंच होतं, आज ना उद्या गेलं असतं, याची चूक नाही. अण्णा म्हणाले, जावयाचं मन मोठं आहे. म्हणजे चूक माझी, ती माफ झाली तीही माझीच, आणि कौतुक मात्र त्यांचं.

मला फिल्टर डिझेलमध्ये धुवायला दिला. दाजी म्हणाले, छान धुतलास. फार बरं वाटलं. याचाच जास्त राग आला.

सोमवार, १०
ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागतात. लिफ्ट नांगर पिसासारखा उचलते. बांधावर शेजारी भेटला. म्हणाला, मस्त चाललाय, कोणी दुरुस्त केला? म्हणालो, घरीच केला. यात खोटं काही नाही. तो म्हणाला, माझीही लिफ्ट अडते, बघायला येशील का? छाती फुगली. म्हणालो, आत्ताच येतो, पाने घेऊनच येतो.

तो म्हणाला, आत्ता नको. दाजी परत येतील तेव्हा त्यांना घेऊन ये.