दहा हजार एक

नागपूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मिनल,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, राग मानू नकोस. फोन करता आला असता, पण माझा आवाज मनातलं लगेच उघडं पाडतो. बदली झाल्यापासून चंद्रपुरात रुळलीस का? तुझी लेक सोनिका बरी आहे, खोकला गेला.

आज जरीपटक्याला तिचा गणिताचा कार्यक्रम झाला. तू पाहिलेला नाहीस, म्हणून सांगते. प्रेक्षकांतला कोणी चार आकडे सांगतो, मग तेच पुन्हा. ५१७२५१७२. सोनिका डोळे मिटते आणि एवढ्या मोठ्या संख्येला कशाने भाग जातो ते सांगते, "दोनशे एकोणीस." लोक मोबाइलवर भागून बघतात. बाकी शून्य. टाळ्या.

माझ्याने टाळ्या वाजवल्या गेल्या नाहीत. याआधीच्या संख्यांना तिची उत्तरं त्र्याहत्तर आणि एकशे सदतीस, आता हे दोनशे एकोणीस, म्हणजे त्र्याहत्तरची तिप्पट. पर्समधल्या पावतीमागे मांडून पाहिलं. चार आकडे दोनदा लिहिणं म्हणजे त्यांना दहा हजार एकने गुणणं. आणि दहा हजार एक म्हणजे त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. कुठलेही आकडे द्या, हे दोघे आत बसलेले असणारच.

अंकुशनेच आपल्या पोरीला पढवलं, असं मी धरून चालले. उठून संख्या दिली, ४८२६४८२७. शेवटचा आकडा मुद्दाम बिघडवून.

सोनिकाने डोळे उघडले. "आत्या, शेवटचा आकडा चुकला तुझा."

"काहून ताई, चार आकडे ध्यानात राहत नाहीत का?" अंकुश माइकवर हसला, सारं सभागृह हसलं. "पोरीनंच नियम केला न, तेच पुन्हा म्हणाचं म्हणून!"

पोरीने. म्हणजे त्या नियमातच युक्ती आहे, हे माझ्या भावाला ठाऊकच नाही.

नंतर तिला बाजूला घेतलं. म्हणाली, कॅल्क्युलेटरशी खेळता खेळता सापडलं. मला पटेना. विचारलं, "सहा आकडे दोनदा लिहिले तर?"

ती ओठ हलवत राहिली. "मंग दहा लाख एक. त्याले एकशे एकनं भाग जाते." मग माझी ओढणी धरून, "बाबाले सांगू नको वं आत्या. आता कुठं मले हुशार म्हणून राहिले ते."

तू आहेसच गं, हे म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "आईला माहीत आहे?" तिने ओढणी सोडली.

गावोगाव कार्यक्रम करायचे म्हणून अंकुश येत्या शुक्रवारी तिचा शाळेचा दाखला काढतो आहे. अर्जावर तुझीही सही दिसली. तिची ही युक्ती तुला ठाऊक होती का, मिनल? हे वाक्य दोनदा खोडलं, तरी ठेवते. आज मी खरं शोधायला उभी राहिले, की चारचौघांत भावाला खाली बघायला लावायला, हेही मला नीट सांगता येत नाही. पण दाखला थांबायला हवा. तेवढं तुझ्या हातात आहे.

तुझ्यावरही संशय घेतलेली,
हर्षाताई

(त्याच पावतीमागे, स्वतःसाठी) उद्या : शाळा भरायच्या आधी सोनिकाला गाठून विचारायचं, बाबांना ती सांगते की मी.