टेम्पो पाठवू नये

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,

देवासहून जगदेवरावाचा मुजरा. (मुजरा कागदावरच मानून घ्यावा. कंबर धरल्यापासून मला देवासमोरही वाकता येत नाही, म्हणून देव्हारा उंच करून घेतला आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? साखर काय म्हणते? धारला पाऊस उघडला का? इथे सकाळी ऊन आणि दुपारी आभाळ, त्यामुळे वाळवण घालावं की नाही ही रोजची चिंता. घालत कोणीच नाही, पण चिंता करावी लागते.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, ते मला कळतं. पण मला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवावा लागतो, आणि आमच्याकडे स्पीकर लावला की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा वाजायची थांबतात. म्हणून पत्र. तुम्ही जन्मभर शाळेत गणित शिकवलंत, माझं शिक्षण सातवीवर अडलेलं. तेव्हा चुकांकडे बघू नये आणि लाल शाईचं पेन तर जवळही घेऊ नये. सूनबाई वैभवी हे पत्र डाकेत टाकणार आहे. ती मराठी बोलते छान, पण सगळी शाळा हिंदीत झाल्यामुळे वाचायला लागली की अडखळते. त्यामुळे तिच्या हातात पत्र सुरक्षित आहे. अक्काच्या हातात नाही.

अक्का सुखरूप आहे. तुमच्याशी बोलाचाली झाली आणि ती एक पिशवी घेऊन बसने इथे उतरली, तेव्हा मी आधी घाबरलोच. तिने पाणीसुद्धा नंतर घेतलं. आधी म्हणाली, "जगदेव, ह्यांचं ते मशीन काढ. म्हणतात, तुझ्या माहेरी ठेवलेली वस्तू म्हणजे नर्मदेत सोडलेली. ते चालू करून दाखवल्याशिवाय मी धारला पाऊल टाकणार नाही." आता दाजी, तुम्ही रागात बोललात हे मला समजतं, पण नर्मदा म्हणायची काय गरज होती? एखादी लहान नदी म्हणायची. तेव्हापासून माझी झोप गेली. माहेरवाशीण थोडे दिवस आली की घर भरतं, जास्त राहिली की गल्लीचे कान भरतात. शेजारच्या सावित्रीबाई रोज विचारतात, "क्यों भिया, अक्का अजून इथेच?" मी म्हणतो, हवापालट. त्या म्हणतात, धार की हवा में क्या खराबी है? आता पितरांचे दिवस चालू आहेत. अमावास्या झाली की घट बसणार. तुमच्या घरचे घट अक्का लग्न होऊन आल्यापासून तिच्याच हातचे, आणि ती इथे पंख्याखाली बसली आहे. धारला घट कोण बसवणार, या विचाराने माझा घास उतरत नाही. (जेवतो मी. पण उतरत नाही.)

तर मशीन. तुमची लोहारद्याला बदली झाली, तिथे बिजली येण्यापेक्षा जायचीच जास्त, म्हणून तुम्ही ते माझ्या हवाली केलंत आणि म्हणालात, "जगदेवराव, जिवापाड सांभाळा." आमच्या घरात जिवापाड सांभाळायची जागा एकच, ती म्हणजे पणजोबांच्या तलवारींची पेटी. पणजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांच्या तलवारी आम्ही वर्षभर मलमलीत गुंडाळून ठेवतो. तिथेच तुमचं मशीन, त्याचा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी ठेवल्या. आता पेटीत ठेवलं म्हणजे खंडेनवमीला बाहेर काढणं आलं. तलवारी आणि कट्यार पाटावर मांडायच्या आणि याला एकट्याला पेटीत कोंडून ठेवायचं, हे मला बरं वाटेना. शेवटी तुमचं शस्त्र ते. म्हणून दरवर्षी त्यालाही गंध, हळद-कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. आणि पूजा झाल्यावर तलवारींवरून तेलाचा हात फिरवतो, तसा याच्यावरूनही फिरवला, गंजू नये म्हणून. कळांच्या फटींत कापसाने थोडं थोडं सोडलं. एवढी निगा मी माझ्या कमरेची ठेवली असती तर आज देव्हारा खाली असता.

वैभवी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणून तिला बोलावलं. पण तो कळांचा चपटा डबा पाहून हे कॉम्प्युटर आहे हेच तिला पटेना. "बाबा, ये तो सिर्फ कीबोर्ड है, बाकी कहाँ है?" मी सांगितलं, बाकी काही नाही, जे आहे ते यातच. टीव्ही घरातला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट वाजवून त्याला अक्कल द्यायची. बंद केलं की दिलेली अक्कल जाते, पुन्हा द्यावी लागते. तिने स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आत बोट फिरवून वास घेतला. मग म्हणाली, "बाबा, इसमें तो पूरी पूजा की थाली है." कळांखाली तांदूळ होते. कुंकू आणि तेलाचा लेप होता. एक झेंडूची पाकळीही निघाली. तेलाने कळांचं रबर तळलेल्या पापडासारखं फुगलं होतं. पण स्क्रूला कुठे गंज नव्हता, आणि ते मी तिला पुन्हा पुन्हा दाखवलं. तिने मान हलवली, पण ती सूनबाईची मान होती, तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. सगळं तिने स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने साफ केलं, रबर आणि आतली मोडलेली पट्टी डाकेने नवीन मागवली. (अशा जुन्या मशीनचे भाग कुणीतरी अजून बनवतं. आपल्या वयाच्या माणसांचेही बनवतात म्हणा, पण ते बसवायला फार खर्च.) निघालेल्या अक्षता अक्काने केरात टाकू दिल्या नाहीत. तुळशीत घातल्या.

वैभवीने बजावलं होतं की ती शाळेतून येईपर्यंत बटन दाबायचं नाही. मी दाबणारही नव्हतो. पण सावित्रीबाई पुन्हा हवापालटाचं विचारून गेल्या आणि माझा धीर सुटला. बटन दाबलं. मशीनला काही झालं नाही, पण भिंतीजवळच्या त्याच्या काळ्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. अक्का आतून म्हणाली, "जगदेव, आज धूप लवकर लावलास?" मी हो म्हटलं. आमचा रणवीर इन्व्हर्टर-बॅटरीच्या धंद्यात आहे, त्याने इंदूरहून दुसरा बनवून आणला. तो म्हणतो, आजकालच्या वायरीत मधलं टोक प्लस असतं, या जुन्या मशीनला मात्र मायनस लागतं. उलट लावलं असतं तर मशीन खलास. मला म्हणाला, "बाबा, आप बस बैठे रहो. बैठना भी काम है." तेव्हापासून मी त्या वायरीजवळून जातो तेव्हाही भिंतीला चिकटून जातो.

पुढची दिक्कत टीव्हीची. आमचा भिंतीवरचा पातळ टीव्ही याच्याकडे बघेचना. असं मशीन जुन्या डब्याच्या टीव्हीवरच दिसतं म्हणे, तेही चॅनल हाताने शोधून. असा टीव्ही गल्लीत एकट्या सावित्रीबाईंकडे, वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर काचेचा मोर. त्यांनी द्यायला हरकत घेतली नाही. फक्त म्हणाल्या, "टीव्ही जाएगा तो मैं भी साथ आऊँगी." तेव्हा टीव्ही, मोर आणि सावित्रीबाई अशी तिघं आमच्या बैठकीत आली. मोर परत गेला, बाकी दोघं रोज असतात.

मग कॅसेट. पहिली लावली. वायर जोडली की टेपचा आवाज बाहेर येत नाही, तो सरळ मशीनच्या कानात जातो, त्यामुळे आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. पडदा कोरा. पूर्ण बाजू संपली. शेवटी वैभवीने वायर काढून ऐकलं तर ती तुमची कॅसेट नव्हतीच, रणवीरच्या जावळाच्या वेळी घातलेल्या गोंधळाची होती. बिचाऱ्या मशीनने सगळा गोंधळ संबळासकट शांतपणे ऐकून घेतला आणि एका अक्षराने तक्रार केली नाही. इतका सहनशील श्रोता मी आमच्या भाऊबंदांत पाहिलेला नाही.

तुमची कॅसेट सापडली ती तळाला. तिचा आवाज म्हणजे मांजराची शेपटी दारात सापडावी तसा. (मला तेवढा मात्र स्वच्छ ऐकू येतो.) पडद्यावर पट्टे यायचे आणि मध्येच सगळं थांबायचं. वैभवी आवाजाचं बटन वर करून बघे, खाली करून बघे. जमेना. तेव्हा अक्का, जी इतके दिवस पंख्याखालून हलली नव्हती, उठली आणि म्हणाली, "सरक. इतका मोठा नाही करायचा. निम्म्याच्या थोडा पुढे, आणि मग हात लावायचा नाही, दारही जोरात लावायचं नाही." आणि लागलं, दाजी! मी विचारलं, तुला गं कसं ठाऊक? म्हणाली, "ह्यांच्या शेजारी बसून स्वेटर कोण विणत होतं? तू?"

पडद्यावर मशीनने इंग्रजी अक्षरांत नाव विचारलं. अक्काने चष्मा सावरून आपलं सासरचं नाव एका बोटाने टिपलं. तर मशीनने लगेच लिहिलं, अक्षरं इंग्रजी पण भाषा आपली: चहा कधी? तुम्ही त्या वेळी हे थट्टेने शिकवून ठेवलं असणार. सावित्रीबाई हसून हसून खोकल्या. अक्काही हसली. मग तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हती. मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो. माणूस म्हातारा होतो, मुलं इंदूर-पुण्याला जातात, शेजारचं कुणी एकेक करून कमी होतं, आणि एका डब्याला मात्र इतक्या वर्षांनी तेवढंच आठवतं की एका बाईकडे चहा मागायचा असतो. मला सातवी शिकलेल्याला याचा पूर्ण अर्थ लागत नाही. पण अर्थ असावा, असं वाटलं.

मी आनंदाने तुम्हाला फोन लावला. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "शाब्बास! टेम्पो पाठवतो. मशीन गादीत गुंडाळा, धक्का लागू देऊ नका, वर ताडपत्री टाका. आणि हो, तिलाही त्यातच बसवून द्या पुढे." फोन स्पीकरवर होता. आत भांडी थांबली होती. नंतर अक्का बाहेर आली, मशीनसमोर बसली आणि एका बोटाने टिपू लागली. मी अक्षरं जुळवून वाचलं: न्यायला कोण? मशीनने इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. वैभवी म्हणाली, त्याचा अर्थ, काही समजलं नाही. अक्का म्हणाली, "मालकावरच गेलंय." आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून मशीनची तब्येत बिघडली आहे. दुपारी सावित्रीबाई आल्या की चालतं, आणि मी धारला कळवू का म्हटलं की बंद पडतं. कारण सापडत नाही. तेव्हा टेम्पो तूर्त पाठवू नये. उगीच तुमच्या तिरल्याच्या शेतावरचं काम सोडून टेम्पोवाला इथवर यायचा आणि रिकामा जायचा. ठीक झालं की लगेच लिहितो. घटांचं तेवढं मनात असू द्यावं. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि साखरेचा चहा पिऊ नये.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
जगदेवराव

ता. क. वर कारण सापडत नाही असं लिहिलं ते बरोबर नाही. सापडलं आहे. मी फोनकडे गेलो की अक्का टीव्हीमागची वायर अर्धी उपसते. मी पाहिलं. तिनेही मी पाहिलेलं पाहिलं. मशीन उत्तम चालतं. रोज चहा मागतं.

ता. क. दुसरा. दाजी, तुम्ही वडीलधारे, मी सांगणं शोभत नाही. पण आमच्या घराण्यातली लेक आजवर न्यायला माणूस आल्याशिवाय सासरी गेलेली नाही. पहिल्या वेळी तुमचे वडील आले होते, सोबत शेला आणि पेढे होते. आता या वयात माणूस म्हणजे तुम्हीच उरलात. टेम्पो माणसात धरावा का, हे मी भटजींनाही विचारलं, ते हसले. गुडघ्यांची अडचण मला समजते, म्हणून एक विनंती आहे, आणि खरं तर हे पत्र तेवढ्यासाठीच आहे: अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात, त्याच्या आत रणवीर गाडी घेऊन धारला येईल, तुम्हाला घेऊन इथे येईल, आणि तुम्ही अक्काला न्यायला स्वतः आलात असं आपण सगळे म्हणू. तिला यातलं काही माहीत नाही. मशीन मागून येईल किंवा राहील, ते तुम्ही दोघांनी गाडीत ठरवावं.

ता. क. तिसरा. अक्काने आत्ता विचारलं, इतका वेळ कुणाला लिहितोस? मी म्हटलं, बिजलीवाल्यांना, तक्रार आहे. ती म्हणाली, "बरं. मग त्या बिजलीवाल्यांना लिही, गाडीत मागे बसू नका म्हणावं. धारहून येताना मागे बसलं की घाटाबिल्लोदच्या पुढे त्यांना मळमळतं."